काच फुटली तर ब्रेक मारायचा नाही

माझी पहिली पोस्टिंग पठाणकोटच्या पुढं, डोंगरात. ट्रेड ड्रायव्हर, एमटी, म्हणजे फौजेतलं गाड्यांचं खातं. शिक्षण सातवी नापास. लिहिताना चुका होतील, त्या पोटात घाला. बाकीच्या चुका पोटात घालू नका, म्हणून तर लिहायला बसलोय. माझी बायको हौसाबाई यंदाच्या उन्हाळ्यात गाडीत गेली. काच फुटली म्हणून गेली, असं लोक सांगतात. खोटं आहे.

एमटीत दिवस पहाटे पाचला सुरू. फर्स्ट परेड. तेल, पाणी, हवा, ब्रेक, काच, सगळं बघायचं. काचेला चीर दिसली की तिच्या दोन्ही टोकांना मार्करनं रेघ मारायची आणि कार डायरीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी चीर रेघेपुढं सरकली, तर गाडी ऑफ रोड, रस्त्यावर काढायची नाही. साहेबाची असली तरी. वाद नाही.

तिसऱ्या महिन्यात कॉन्व्हॉयमध्ये माझी पाचवी गाडी. मागं चौदा जवान. शेजारी उस्ताद, गढवाली हवालदार. वरून दगड आला. जुनी काच, एका क्षणात दह्यासारखी पांढरी झाली. पुढचं काही दिसेना. डावीकडं दरी. माझा पाय ब्रेककडं गेला.

"ब्रेक नहीं. पैर उठा."

उठवला.

"स्टेअरिंग सीधा. खिडकी से देख."

मुंडी बाहेर काढली.

"हॉर्न दे. धीरे. अब साइड में रोक."

गाडी थांबली. मागच्या गाड्याही थांबल्या, एकमेकींना न शिवता. उस्तादांच्या ओठातून रक्त येत होतं. ते थुंकले आणि म्हणाले, "चाय पिएगा?"

पुढं चोवीस वर्षं गाडी चालवली. तेवढं शिक्षण पुरलं.

आता यंदाचं सांगतो. दौंडला हौसाबाईच्या भावाकडं नातीचं बारसं होतं. सकाळी साडेआठला दत्ता आम्हाला न्यायला निमोण्यात आला. दत्ता तिचा भाचा, चाळिशीचा, कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करतो. व्हॅन स्वतःची. पुढच्या काचेवर 'आई-वडिलांची पुण्याई' असं लांबलचक स्टिकर. मी त्यावर बोट फिरवलं. खाली चीर.

"दत्ता, ही कवाची?"

"दिवाळीपासनं हाय, मामा. काय करत न्हाई. स्टिकर लावलाय की वरनं."

"स्टिकरनं बुजली व्हय ती?"

"मामा, तुमची मिल्ट्री संपली. बसा आता."

हौसाबाई हसली. "अहो, माझ्या भाच्याची गाडी हाय ती, रणगाडा न्हाई. माहेरच्या माणसाला दारात उभं करून तपासणी लावता? चढा गुमान."

मी चढलो. भीड पडली. बायकोच्या माहेरचा माणूस न्यायला आलेला, त्याची गाडी परत कशी पाठवायची? साहेबाची गाडी मी थांबवली आहे. भाच्याची थांबवली नाही.

आमच्यात म्हाताऱ्या गड्याला पुढं बसवतात, मान म्हणून. बाईनं मागं. पुढं पट्टा होता, मी लावला. मागचे पट्टे शीटखाली खोचलेले, वर कव्हर चढवलेलं. हौसाबाई मांडीवर बाळंतविडा घेऊन बसली. एमटीत ड्रायव्हरशेजारची शीट मानाची नसते, कामाची असते. तिथं बसणाऱ्यानं रस्ता बघायचा आणि बोलायचं. मी पाहुणा होऊन बसलो.

न्हावरा गेलं. भीमेचा पूल ओलांडला. साडेनऊच्या सुमाराला पुढं खडीचा डंपर, वर ताडपत्री नाही.

"अंतर ठेव," मी म्हटलं.

"व्हय मामा," म्हणाला. ठेवलं नाही.

खडा आला. टप्पकन आवाज झाला. चीर स्टिकरखालून निघाली, सरळ उजवीकडं पळाली आणि काचभर जाळं झालं. आताची काच दोन पापुद्र्यांची असते. तडकते, पण गळत नाही. खालच्या बाजूनं रस्ता दिसत होता. मला दिसत होता.

"ब्रेक नको! पाय काढ!"

त्यानं डोळे मिटले आणि सगळा जोर लावून ब्रेक दाबला. हौसाबाई माझ्या शीटवर आदळली. पाठीत जो दणका बसला, तो तिचा. त्यानंतर मागून टँकर आला.

दौंडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

काच शेवटपर्यंत जागेवर होती. पंचनाम्याला आलेल्या पोलिसाला मी ती दाखवली. तो म्हणाला, "आबा, नशीब असतं एकेकाचं." मयतीला आलेले पण तेच बोलले. नशीब! दिवाळीपासून चीर वाढतीये, तिच्यावर स्टिकर चिकटवता, पट्टे शीटखाली घालता, डंपरच्या बुडाला गाडी लावता, आणि वर नशिबाला शिव्या? लाज वाटू द्या.

शिरूर-दौंड रस्त्यानं रोज माणसं वाहता ना, मग ऐका. चीर दिसली की काच बदला. पळत्या गाडीत फुटली तर ॲक्सिलेटरवरचा पाय काढा. स्टेअरिंग सरळ धरा. काचेला हात लावू नका, वायपर चालवू नका. दिसत नसेल तर खिडकीतून बघा. इंडिकेटर लावून हळूहळू डावीकडं घ्या, मग थांबा. आमच्या उस्तादांनी मला हे एका मिनिटात शिकवलं. मी दत्ताला चाळीस वर्षांत शिकवलं नाही.

दहाव्याला दत्ता आला, मागून चेपलेली व्हॅन पोलिसांकडून सोडवून घेऊन. पाया पडला.

"मामा, मारा मला. कायतरी करा."

"मारून ती येती का? गाडी खोल. मागचं पट्टं वर काढ."

त्यानं कव्हर फाडलं, शीटखाली हात घालून पट्टे ओढून काढले. एकाला अजून कंपनीचं प्लास्टिक होतं. तो ते हातात धरून रडत बसला. मी त्याला उठ म्हटलं नाही.

उस्ताद नंतर बर्फात गेले, गाडीसकट. त्यांचं नाव युनिटच्या दगडावर आहे. झेंडावंदनाला शाळेत शहिदांची नावं मीच वाचतो. तिचं तिथं वाचता येणार नाही, ती फौजेत नव्हती. म्हणून इथं लिहितो, दगडावर लिहितात तसं.

हौसाबाई. राहणार निमोणे. दौंडच्या रस्त्यावर, सकाळी साडेनऊला. पुढच्या शीटवर जाणता माणूस बसलेला असताना.