आबांची साक्ष

पवनेपासून मुळेपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या घरमालकिणीच्या थोरल्या दिरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. पण ‘मी ह्याला ओळखतो’ असं त्यांनी ज्याच्याबद्दल म्हटलं, असा माणूस मी आजवर एकच पाहिला. बाकी साऱ्यांना त्यांनी चौकशीखाली ठेवलं आहे. त्यात सख्खा भाऊ आला, सगळे जावई आले, आणि ज्यांच्याशी संसार करता करता केस पिकले त्या काकूही आल्या. शिरगणतीच्या मास्तरांनी ओसरीवर बसून, ‘ह्या तुमच्या पत्नी का?’ असं रीतीप्रमाणे विचारलं, तेव्हा आबांनी (गाव त्यांना आबाच म्हणतं) चुलीकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "समदे तसं म्हन्त्यात. ल्हिवा. पर वळखता का म्हनाल, तर अजून चाललंय." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मतदानाच्या दिवशी तर याहून कहर झाला. शेजाऱ्याच्या नावाला कुणीतरी हरकत घेतली, आणि केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी आबांना विचारलं की हा तोच इसम ना? आबा बाजारात बैलाभोवती फिरावं तसे त्या बिचाऱ्याभोवती एक फेरी फिरले. मग म्हणाले, "काल सांजंपातूर तरी ह्योच व्हता."

असा माणूस साक्षीला कोण बोलावील? पण बोलावत. जमिनीच्या व्यवहाराला बोलावत, सोयरिकीला बोलावत, भोसरीपासून रावेतपर्यंतची माणसं स्थळाची चौकशी करायला त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. मुलाबद्दल आबा अवाक्षर काढत नसत. "पोराचं ठावं न्हाई. त्यांचा खिलारी मातूर चांगला हाय, दगा द्यायाचा न्हाई," असं म्हणून गप्प. एवढ्यावर लग्नं ठरत, कारण बैल असा वागवणारं घर मुलीलाही बरं वागवील असा लोक हिशेब बांधत. आबांचा तसा काही हेतू असे का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं ते खरोखर बैलाबद्दलच बोलत.

त्यांची मोटही अशीच गावाच्या वादाचा विषय. नदीकडच्या विहिरीवर त्यांनी मोट जुंपली की तिचं चाक असं कुरकुरे की अर्ध्या गावाला कळावं. लोक वंगण घालायला सांगत. आबा म्हणत, "चाकानं गप ऱ्हायचं म्हंजे बैलांनी वळखायचं कसं?" आणि चाक कुरकुरत राहिलं.

मी कामगार संघटनेच्या कामासाठी पिंपरीत आलो आणि त्यांच्या घरची मागची खोली घेतली. नवे कारखाने उभे राहत होते, आणि मी पत्रकं लिहीत होतो. माझी पत्रकं चांगली असत. हे मी गर्वाने म्हणत नाही, मालकांच्या तक्रारींवरून म्हणतो. आबांनी एक पत्रक पुतण्याकडून वाचून घेतलं आणि मला हाक मारली. "हितं तू ‘तमाम कामगार बंधूंनो’ म्हन्लंय. ही तमाम मान्सं तुज्या वळखीची हायेत व्हय?" मी म्हणालो, लिहिण्याची पद्धत आहे ती. त्यांनी पत्रक घडी करून तांब्याखाली ठेवलं आणि म्हणाले, "मग वळखीच्यांनाच पाठवीत जा. कागुद वाचंल." मला राग आला. माणसाला न्याय मिळवून द्यायला त्याला आधी जेवायला घालावं लागतं की काय, असं मी मनात म्हणालो. हा राग पुढे लछमनच्या वेळी फार कामी आला, म्हणजे मला फार दिवस पुरला.

लछमन मी ज्या कारखान्यात पत्रकं वाटत होतो तिथला कामगार. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीत होती, तिथे राहायचा. त्याच सुमारास आमच्याकडे कामगारांचा विमा लागू झाला. पगारातून हप्ता कापायचा आणि त्याबदल्यात आजारपणात डॉक्टर, औषध, अर्धा पगार, आणि छातीचा रोग निघाला तर इस्पितळात खाट. लछमनला छातीचा रोगच होता. छावणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की खाट मिळाली तर हा वाचेल, आणि असाच भट्टीपुढे उभा राहिला तर नाही. खाटेसाठी विम्याचं कार्ड हवं, कार्डासाठी ओळख हवी. जन्माचा दाखला, नाहीतर शाळेचा, नाहीतर निर्वासित म्हणून झालेली नोंद. लछमन लहानपणी चुलत्याचं बोट धरून आला. आई वाटेत गेली. छावणीच्या दप्तरात चुलत्याच्या नावापुढे ‘आणि कुटुंब’ एवढंच लिहिलं होतं. त्या ‘आणि कुटुंब’मध्ये लछमन होता. पुढे चुलता तो कागद घेऊन अजमेरकडे निघून गेला आणि लछमन कागदाबाहेर राहिला. हप्ता मात्र त्याच्या पगारातून पहिल्या दिवसापासून कापला जात होता. कापताना त्याच्याकडे कुणी जन्माचा दाखला मागितला नाही. हे वाक्य मी पत्रकात ठळक छापलं होतं. आजही त्यातला एक शब्द बदलणार नाही.

एक वाट उरली होती. गावातल्या दोन प्रतिष्ठित इसमांनी ‘यास आम्ही जातीने ओळखतो’ अशी सही करायची, आणि साहेबांची खात्री पटली तर कार्ड मिळायचं. एक सही मी शाळेच्या हेडमास्तरांची आणली. मास्तर फार दयाळू, मान वर न करता सही करत. त्यांच्या इतक्या सह्या विम्याच्या कचेरीत जाऊन पडल्या होत्या की कारकून त्यांच्या सहीला रेघ समजत. "दुसरी सही तुमच्या त्या आबांची आणा," कारकून मला म्हणाला, "त्यांची आली तर साहेब मास्तरांचीही चालवून घेतील." म्हणजे ज्याने जन्मात कुणाची ओळख दिली नाही, त्याच्याच शब्दावर कचेरीचा भरवसा.

मी लछमनला घेऊन ओसरीवर गेलो. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पाळी सुटली की मळ्यात येत जा. बघू." मी म्हणालो, आबा, बघायला वेळ नाही, माणूस खोकतोय. ते म्हणाले, "म्हनून तर. मरायला टेकलेल्याची खोटी वळख द्यायची व्हय?" मी तरी बरंच बोललो. उपयोग झाला नाही.

मग तो रोज मळ्यात जाऊ लागला. मला वाटलं आबा त्याची उलटतपासणी घेतील. त्यांनी त्याला फक्त बोलता बोलता आपल्याला त्याच्या सिंधमधल्या गावात हिंडवून आणायला सांगितलं. वेशीतून शिरलो की डाव्या हाताला कोण, पाण्याला पहिली कोण जायची, कुत्रं कुणाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाट, पुन्हा तेच कुत्रं. सारं जमत आलं आणि एका उंटापाशी अडलं. लछमन म्हणाला, शेजारच्या विहिरीवर रहाट होता आणि तो उंट ओढायचा. आबांनी मोट थांबवली. "बैल म्हन."

"नाही आबा, ऊंट. ऊंट फिरायचा."

"उंटाला पानी काडाया लावत्यात? एवड्या उंच जनावराला?"

आबांचा विश्वास उडाला तो उडालाच. बाकी गाव खरं असेल, पण उंट खोटा. आणि उंट खोटा तर मग गावाचं तरी काय खरं? पंधरवडा उंटात गेला. इकडे कारखान्याने लछमनला बजावलं की आजारपणात बुडालेल्या दिवसांसाठी कार्ड आण, नाहीतर गैरहजेरी लावून नाव काढू. मी ओसरीवर जाऊन काय काय बोललो ते लिहीत नाही. काकूंनी मला गूळपाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमी कशाला जीव जाळता? मी एवढी वरसं थांबले न्हवं?"

याच दिवसांत छावणीत बोलवा उठली की कुणी मुंडाशेवाला म्हातारा दारोदार हिंडतो आणि तुमच्याकडे उंट पाणी काढतो का असं विचारतो. त्याचं मावळी बोलणं त्यांना कळेना, त्यांचं सिंधी याला. तो अंगणात उंट होऊन गोल फिरून दाखवी. पोरं मागे लागत. बायका पापड वाळत घालता घालता हसत. मी शरमेने त्या बाजूला जाईनासा झालो. पण असे गोल फिरता फिरता आबा छावणीच्या अगदी टोकाच्या ओळीत पोचले. तिथे वर्षापूर्वी दुसऱ्या छावणीतून मुलाकडे राहायला आलेली एक म्हातारी होती. तिने त्यांचं फिरणं पाहिलं आणि हसली नाही. ज्या विहिरीवर तो रहाट होता, त्याच घरची ती सून. लछमनने तिला लहानपणी कायम ओढणीच्या आड पाहिलेलं. छावणीत ती समोरून गेली असती तरी त्याला कळलं नसतं. तिने त्याला बघितलं, त्याच्या आईचं नाव सांगितलं आणि आबांकडे वळून म्हणाली, "ये तो रहट पे सोता था. और कहीं इसको नींद नहीं आती थी." आई शेतात राबायची तेव्हा पोराला रहाटाच्या दांड्याला फडक्याने बांधून ठेवायची, आणि उंट फिरू लागला, चाक कुरकुरू लागलं की पोर झोपायचं.

मळ्यात येऊन बसला की लछमन मोटेच्या कुरकुरीत डोळे मिटतो, हे आबा इतके दिवस पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेलं मुंडासं बांधलं आणि म्हातारीला, लछमनला आणि मला घेऊन पुण्याला विम्याच्या कचेरीत गेले.

लछमन बाहेर बाकावर बसला. आम्ही आत. साहेब तरुण होते, कंटाळलेले होते, वाईट नव्हते. त्यांनी आबांना विचारलं, "ह्याला किती वर्षं ओळखता?" नियमात पाच वर्षं होती. मी वाटेत आबांना चारदा सांगितलं होतं की पाच म्हणा.

आबा म्हणाले, "दोन म्हैनं."

मी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाले, "पाच वर्षं लागतात."

"जावयाला म्या धा वरसं बघतोय, सायेब. त्याच्यासाटी सही मागाल तर द्यायाचा न्हाई. ह्याच्यासाटी द्येतो. ह्याला म्या वळखतो."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. पण साहेबांपुढे पाच वर्षांचा नियम होता. ते म्हणाले, पुरावा काय? मग आबांनी म्हातारीकडे हात केला. त्याला मी दोन महिने बघतोय, हिच्या घरी काल जेवलोय. ही त्याला जन्मापासून ओळखते. आता तुम्हीच बेरीज करा. आणि मग, मला कपाळावर हात मारावासा वाटेल इतक्या गंभीरपणे, त्यांनी उंट सांगितला, रहाट सांगितला, झोप सांगितली. पाणी काढणारे उंट असतात याची त्यांनी साहेबांना स्वतःची हमीही दिली.

साहेब म्हणाले, "बोलवा त्याला." शिपाई दार उघडून बाहेर डोकावला आणि परत आला. म्हणाला, "साहेब, तो झोपलाय."

बाकाच्या वर कचेरीचा जुना पंखा होता आणि तो कुरकुरत होता. लछमन भिंतीला डोकं टेकून तोंड किंचित उघडं ठेवून झोपला होता. मी प्रामाणिकपणे सांगतो, याला पुरावा म्हणत नाहीत. रात्रपाळी करून आलेला आजारी माणूस खिळ्यांवरही झोपेल. हे मला कळत होतं आणि साहेबांनाही कळत असणार. ते उंबऱ्यात उभे राहून थोडा वेळ पाहत राहिले. मग आत येऊन त्यांनी सही केली आणि शिपायाला सांगितलं, उठवू नको, जागा होईल तेव्हा कार्ड दे.

लछमनला औंधच्या बाजूला खाट मिळाली. मला वाटलं, प्रकरण संपलं. मी पुढच्या पत्रकाला लागलो. आबांचं मात्र तिथून सुरू झालं. दर रविवारी ते पिंपरीहून पायी निघायचे, सांगवीवरून मुळा ओलांडायचे आणि इस्पितळात हजर. मी विचारलं, इतकं कशाला? ते म्हणाले, "सही केलीया. मानूस तसाच हाय का बगाया नको?" पहिल्या रविवारी सिस्टरबाईंनी त्यांना दारातच अडवलं. भेटायला फक्त नातेवाईक. तुमचं नातं काय? आबांनी विचार केला. खोटं बोलायची सवय नाही, आणि खरं नातं कोणत्याच भाषेत सापडेना. शेवटी म्हणाले, "साक्षीदार." बाईंनी काय समजून आत सोडलं, देव जाणे.

आत गेल्यावर लछमनने सांगितलं की औषध मिळतं, दूध मिळतं, झोप तेवढी नाही. वॉर्ड फार शांत आहे. पुढच्या रविवारपासून आबांच्या पिशवीत भाकरीबरोबर विहिरीवरची जुनी लाकडी कप्पी असे. व्हरांड्याच्या खांबाला ती टांगून दोर ओढत ते बसत. सिस्टरबाई पहिल्या खेपेला ओरडल्या, दुसऱ्या खेपेला तेलाची बाटली घेऊन आल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी नाद सोडला, कारण तोवर तिथले आणखी काही पेशंट दुपारचे झोपू लागले होते.

हे सारं मी आता का लिहितोय, तर संघटनेने मला नाशिकला धाडलं. निघालो तो दिवस रविवार. आबा म्हणाले, कासारवाडीच्या फाट्यापातूर वाट एकच हाय. तिथवर चालत आलो. लछमन अजून खाटेवरच आहे; डॉक्टर वाईट बोलत नाहीत, बरं झालं असंही म्हणत नाहीत. फाट्यावर मी ट्रंक खाली ठेवली, आणि इतक्या दिवसांत जे विचारायचा धीर झाला नव्हता ते विचारलं. म्हणालो, आबा, मी चाललो. मला तरी ओळखता का?

त्यांनी कपाळावर हात धरून मला नीट पाहिलं, जणू मी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून येत होतो.

"तुजं अजून चाललंय," ते म्हणाले. "अदनं मदनं येत जा."

मग पिशवी खांद्याला लावून ते सांगवीच्या वाटेला लागले. पिशवीत कप्पी होती. माझी गाडी येईपर्यंत ती मला ऐकू येत होती.