पोळ्यातलं पिवळं

माझ्या सासूबाईंचा मधावर फारसा विश्वास नव्हता. मध खोकल्याला आणि देवाच्या पंचामृताला, एवढंच त्या म्हणायच्या. अंगात ताकद आणायची तर पोळ्यातलं पिवळं पाहिजे. फुलांवरची जी पूड माश्या पायांना चिकटवून आणतात ती पोळ्याच्या घरांत दाबून भरतात, वर थोडा मध लावतात आणि मुरू देतात. तेच ते पिवळं. बोटाच्या नखाने उकरून काढावं लागायचं.

तीस सालानंतरची गोष्ट. देवरुखच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. यजमान मुंबईला गिरणीत, वर्षाकाठी एकदा यायचे. त्या साली पावसाळाभर मला हिवताप होता, त्यामुळे पौषात पहिली मुलगी झाली तेव्हा मी पांढरीफटक पडले होते. दूध नावालाच होतं.

आणि मला तर घाई होती. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी मला घरी शिकवलं होतं आणि लग्न ठरताना सासरच्यांना एकच अट घातली होती, पोरीला मराठी सातवीच्या परीक्षेला बसू द्यायचं. ती परीक्षा पास झालं की मुलींच्या शाळेत मास्तरीण होता येत असे. परीक्षा रत्नागिरीला, उन्हाळ्याच्या तोंडाशी. फॉर्म भरून गेला होता. सासूबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी अट मोडली नाही, पण स्वतःची एक जोडली.

"जा की. मी कशाला अडवू? पन अंग धरल्याबिगर उंबऱ्याभायेर पाय टाकायचा नाय."

तेव्हा मी उंबऱ्याच्या आतच नव्हे, बाळंतिणीच्या खोलीच्या आत होते. वारा लागू नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबलेलं. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा नि शेपा टाकून धुरी. कान बांधलेले. पाणी मागितलं तर कोमट, तेही मोजून चार घोट. दुपारी गोणपाटाच्या भोकातून उन्हाची एक काडी यायची, ती भिंतीवर कुठवर चढली त्यावरून मी वेळ ओळखायची. पुस्तक वाचायची बंदी होती, डोळे जातात म्हणे. मी मनातल्या मनात नद्यांची नावं घोकायची आणि चुकले की रडायची. मुलगी रडली तर सगळे धावायचे. मी रडले तर "वारा बाधला" म्हणून आणखी धुरी.

गोठ्यामागच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, चिऱ्यांच्या सांदीत सातेरी मधमाश्यांचं पोळं होतं. सासूबाई चौथ्या दिवशी तिथून पिवळ्याचा तुकडा घेऊन आल्या. त्या दिवशी मोहरीएवढाच दिला.

"जिबेवर धर. कुनाकुनाला सोसत नाय ह्या. अंगावर गांधी उठतात, घसा सुजता. उद्या बगू."

चव आंबूस, मागून कडवट, आणि त्याच्याही मागून फुलासारखं काहीतरी. मला काही झालं नाही. मग रोज सकाळी बोराएवढी गोळी सुरू झाली. सासूबाई पोळ्याचा चार बोटांपेक्षा जास्त भाग कधी कापत नसत. मी म्हटलं, सगळंच का नाही आणत?

"हा माश्यांच्या पोरांचा खाना हाय, बाय. मधानं पोट भरता, ह्यानं अंग भरता. सगला काडलास तर पोरां मरतील नि माश्या जातील उठून."

मला माश्यांच्या पोरांचं काय! मला रत्नागिरी दिसत होती. अंग लवकर भरावं म्हणून मी दोन गोळ्या मागायला लागले, आणि माझी भूक बघून त्या खूश होऊन द्यायला लागल्या. महिन्यात गाल भरले, नखं लाल झाली, आणि दूध असं आलं की मुलीला पुरून उरायचं. पिळून काढावं लागायचं. ते पायदळी येऊ नये म्हणून सासूबाई वाटीतून नेऊन केळीच्या बुंध्याशी ओतायच्या. पिवळ्याचा गुण, की हिवताप उतरल्याचा, की कुळथाच्या कढणाचा, देव जाणे. फार वर्षांनी एका डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, असतं त्यात सत्त्व, डाळीत असतं तसं. पण जादू नव्हे हो. मी मात्र तेव्हा जो येईल त्याला गाल दाखवत होते, दुधाचं सांगत होते. मला वाटलं, हाच माझा परवाना.

फाल्गुनात माझी थोरली जाऊ बाळंत झाली. मुलगा. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि दूध आटलं. सासूबाईंनी तिलाही पिवळं दिलं, मोहरीएवढंच. तासाभरात तिच्या अंगावर टरारून गांधी उठल्या, ओठ सुजले. घरात धावपळ झाली. ती वाचली, पण पिवळं बंद झालं. गाईचं दूध पाणी घालून बोंडल्याने पाजलं, ते पोराने ओकून टाकलं. संध्याकाळी सासूबाईंनी त्याला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी त्याला पदराखाली घेतलं. ते पोर इतकं हलकं होतं की मला भीती वाटली, आणि ते ज्या जोराने ओढायला लागलं त्याची आणखी भीती वाटली.

परीक्षेला बारा दिवस होते. जायचे दोन दिवस, परीक्षेचे चार, यायचे दोन. माझी मुलगी तीन महिन्यांची होत आली होती, तिला नेता आलं असतं. जावेचा मुलगा सव्वा महिन्याच्या आतला. त्याला उंबरा ओलांडता येत नव्हता, आणि तापातली आई त्याला सोडणारही नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळी वडील बैलगाडी घेऊन आले. माझी ट्रंक भरलेली होती. सासूबाईंनी ती स्वतः उचलून दारापुढच्या खळ्यात नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "अंग धरलंस. मी शबुद दिला व्हता. जा."

त्या रागाने बोलल्या असत्या तर मी गेले असते. त्या खरंच जा म्हणत होत्या. आत जाऊ भिंतीकडे तोंड करून पडली होती. इतके दिवस बंद दारावर डोकं आपटलं होतं, आणि आता दार सताड उघडं असताना मला पाऊल टाकता येईना. कोणी धरलंही नव्हतं, हेच मला सहन होईना.

मी मुलीला कडेवर घेऊन गाडीपाशी गेले. वडिलांनी पुस्तकांचं गाठोडं पुढे सरकवून मला जागा केली. तेवढ्यात आत जावेचा मुलगा रडला. भुकेचं रडणं. मी अजून काही ठरवलं नव्हतं, पण माझी चोळी भिजली, पदरापर्यंत. वडिलांनी ते पाहिलं आणि बैलांकडे तोंड फिरवलं. तसेच पाठमोरे म्हणाले, "येतेस ना?"

"ऊन चढायच्या आत निघा तुम्ही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी ट्रंक परत पडवीत ठेवली. गाडी वळली तेव्हा मी आत बसले होते, एका अंगाला माझी मुलगी, दुसऱ्या अंगाला तो. दोघंही डोळे मिटून पीत होती, आणि मला त्या दोघांचाही राग आला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.