आत्याबाईंचा खांदा

माझं लग्न झालं तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. नेवासा तालुक्यातलं माझं सासर. दुष्काळात घरचा एक बैल गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा आणायला लग्नानंतर थोड्याच दिवसांत आत्याबाई स्वतः घोडेगावच्या बाजारात गेल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे फार लवकर गेले, तेव्हापासून शेती, जनावरं आणि एकुलता एक मुलगा हे सगळं त्यांनीच सांभाळलेलं. बैल पारखायचा तर तोही त्यांनीच पारखायचा. आमचे हे नुसते बरोबर गेले होते.

परतताना रस्त्यावर मागून ट्रकचा भोंगा वाजला आणि नवा बैल उधळला. आत्याबाईंनी कासरा उजव्या हाताला गुंडाळून घेतला होता. बैलानं त्यांना हिसडा देऊन पार शेताच्या बांधापर्यंत फरफटत नेलं. त्यांनी कासरा सोडला नाही. घरी आल्या त्या डाव्या हातानं उजवं कोपर धरून. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाल्या, "आदी बैलाला पानी दाव. जनावर चांगलं हाय, जरा बुजतंय."

शेजारच्या गावात हाडं बसवणारे एक म्हातारे होते. त्यांनी खांदा चोळला, आंबेहळदीचा लेप लावला, कामट्या बांधल्या. महिन्याभरात सूज उतरली, दुखणंही कमी झालं, आणि खांदा बसला असं सगळ्यांनी धरून चाललं. पण हात काही वर जाईना. जेवताना त्या उजव्या हातापाशी मान खाली न्यायच्या, शेवटी डाव्या हातानंच जेवायला लागल्या. केस विंचरता येईनात. एके दिवशी फणी माझ्या हातात देऊन माझ्याकडे पाठ करून बसल्या. मला त्या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांच्यापुढे माझी मान वर होत नसे. मी गुपचूप केस विंचरले, अंबाडा घातला. असं पाच-सहा महिने चाललं. त्या काळात आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायचो.

केडगाव माझं माहेर. तिथं माझ्या मामेभावाचं लग्न निघालं, म्हणून आम्ही सगळे गेलो. माझी मामेबहीण नगरच्या एका दवाखान्यात नर्स होती. मंगलाष्टकं चालू असताना सगळे उजव्या हातानं अक्षता टाकत होते आणि आत्याबाई डाव्या. मामेबहिणीनं ते पाहिलं. पंगत उठल्यावर ती आत्याबाईंना आतल्या खोलीत घेऊन गेली, मीही गेले.

"आत्या, पदर जरा बाजूला घेऊ का?" तिनं विचारलं. दोन्ही खांदे तिनं समोरून पाहिले. डावा गोल होता. उजवा वरून सपाट, कोपरा काढल्यासारखा. इतके दिवस मी त्यांचे केस विंचरत होते, पण ते माझ्या नजरेला कधी पडलं नव्हतं.

"आता उजव्या हाताचा पंजा डाव्या खांद्यावर ठेवा बरं."

आत्याबाईंनी हात न्यायचा प्रयत्न केला. तो छातीपासून लांबच राहिला.

"खांदा बसलेला नाही, आत्या. अजून बाहेरच आहे."

"मग इतकं दिवस मी काय गळ्यात बांदून फिरतीया?" आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नगरला तिच्याच दवाखान्यात गेलो. फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडून नवे आलेले. त्यांनी काळी फिल्म खिडकीशी धरून आत्याबाईंनाच दाखवली. "ही वाटी आणि हा तिच्यात फिरणारा गोळा. गोळा वाटीतून निसटून पुढं, खाली येऊन बसलाय. ताजं असतं तर भूल देऊन बाहेरूनच ओढून बसवलं असतं. आता इतक्या महिन्यांत रिकाम्या वाटीत जाड साय धरलीय आणि आजूबाजूचं सगळं आखडलंय. जोर लावला तर हाड मोडेल, नाहीतर शीर तुटेल. उघडूनच बसवावा लागेल."

त्यांनी मनगटाची नाडी पाहिली, दंडावर, बोटांवर टाचणी टोचून लागतं का विचारलं. मग खुर्ची ओढून समोर बसले. "पहिल्यासारखा हात होईल असं मी सांगत नाही. डोक्यापर्यंत पोचेल, एवढा प्रयत्न करतो."

"डोक्यापतुर पुरे," आत्याबाई म्हणाल्या. "आभाळाला हात लावायचा न्हाई मला."

घरी मात्र गोंधळ उडाला. माझे चुलत सासरे काठी टेकत आले आणि ओसरीवर बसून राहिले. "चाकू लागला की हात गेला समजा. हाय त्यात सुख माना," ते म्हणाले.

"भावजी, आत्ता तरी कुटं हाय तो?" आत्याबाईंनी विचारलं. ते चहा पिऊन गेले.

पेरणीची घाई होती, म्हणून दवाखान्यात राहायला मीच गेले. ऑपरेशनच्या सकाळी आत्याबाईंनी गळ्यातली माळ काढून माझ्या हातात दिली. "घाबरलीस व्हय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मी लई घाबरलीया," त्या म्हणाल्या, आणि स्ट्रेचरवर जाऊन झोपल्या. त्या कशाला घाबरतात हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाहेरच्या बाकड्यावर त्या दिवसापुरते आलेले हे आणि मी बसून राहिलो. ह्यांनी आणलेली भाकरी फडक्यात तशीच होती. दुपार कलली तरी कोणी बाहेर येईना. अखेर दार उघडून मामेबहीण आली, तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणाली, "बसला. वाटी साफ करायलाच फार वेळ लागला. पण बसला." हे उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ उपरण्यानं नाक पुसत राहिले. मग आम्ही दोघांनी ती सगळी भाकरी खाल्ली.

गोळा पुन्हा निसटू नये म्हणून डॉक्टरांनी आत एक तार घातली होती आणि हात छातीशी बांधून टाकला होता. काही आठवडे तसंच राहायचं होतं. त्या आठवड्यांइतकी मी आयुष्यात क्वचितच हसले असेन. शेजारच्या कॉटवर नगरच्या झेंडीगेटकडच्या एक वयस्कर मुसलमान बाई होत्या. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन बांधून टांगलेलं. सगळा वॉर्ड त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. त्यांच्या सुना रोज डबा घेऊन यायच्या आणि त्यातला अर्धा आम्हाला मिळायचा. आमच्याकडून पिठलं-भाकरी, ठेचा तिकडे जायचा. ठेचा खाऊन खाला डोळे पुसायच्या आणि पुन्हा मागायच्या.

"तुमची सून चांगली आहे, पाटलीणबाई," एकदा खाला म्हणाल्या. "माझ्या तिघी आहेत, पण तिघी मिळून एवढं पाय दाबत नाहीत."

"चांगली हाय, पन बोलत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटतं मुकी दिलीय."

मी खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही तरी कुठं बोलता?"

मग आत्याबाई इतक्या हसल्या की बांधलेला हात दुखायला लागला आणि नर्सला यावं लागलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं ते थांबलंच नाही. लहानपणी विहिरीत कशा उड्या मारायच्या, सासरे आजारी असताना पहिल्यांदा नांगर कसा धरला, सगळं त्यांनी मला कॉटवर पडून सांगितलं. मी कॉटखाली सतरंजीवर पडून ऐकायचे.

तार काढली, टाके कधीच निघाले होते, आणि खरी मेहनत सुरू झाली. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. पहिल्या दिवशी बोटं छातीच्या उंचीला पोचली आणि आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिथं कोळशानं रेघ मारली. वॉर्डच्या आयाबाईंनी भिंत खराब केल्याबद्दल मला रागावून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी रेघेच्या वर बोट गेलं तेव्हा कोळसा त्यांनीच आणून दिला. खाला पडल्या पडल्या सांगायच्या, "सावकाश, पाटलीणबाई. भिंत कुठं पळून चालली नाही." आत्याबाई दात खाऊन म्हणायच्या, "तुमी पाय खाली ठेवा, मग मला शिकवा."

घरी जाताना डॉक्टरांनी दोरी आणि कप्पी घेऊन हात ओढायचा व्यायाम सांगितला. आमच्या गोठ्यात विहिरीची जुनी कप्पी पडून होती. ह्यांनी ती तेलपाणी करून अंगणातल्या कडुनिंबाला टांगली. दोरीचं एक टोक उजव्या हातात, एक डाव्या. डाव्यानं खाली ओढलं की उजवा वर जायचा. कप्पी करकर वाजायची. तो आवाज आला की आळीतल्या बाया कामं टाकून कुंपणाशी यायच्या. कुणी म्हणायची, "पाटलीनबाई झोका खेळत्यात." आत्याबाई म्हणायच्या, "या, तुमीबी खेळा." माझे चुलत सासरेही रोज बघायला यायचे. त्यांचाही एक खांदा धरलेला असायचा. काही दिवसांनी, कोणी बघत नाही असं पाहून, तेही दोरी ओढायला लागले.

हात आधी कानापर्यंत आला, मग कपाळापर्यंत. एका सकाळी मी चुलीपाशी होते आणि आत्याबाई न्हाणीतून केस पुसत आल्या. फणी त्यांनी स्वतः घेतली. उजवा हात जरा वाकडा करून, डोकं तिकडं कलवून, पण भांग त्यांनीच पाडला. अंबाडा काही जमला नाही. हात पाठीमागे पुरेसा तेव्हा गेला नाही आणि नंतरही कधी नाही. "हितनं म्होरं तू," असं म्हणून फणी त्यांनी मला दिली.

पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी दाखवायला बोलावलं होतं. आम्ही दोघी एस.टी.नं नगरला गेलो. डॉक्टरांनी आणखी दोन डॉक्टरांना हाक मारली आणि आत्याबाईंना हात वर करायला सांगितला. त्यांनी दोन्ही हात वर केले. उजवा डाव्यापेक्षा वीतभर खाली राहिला, पण डोक्याच्या वर होता. डॉक्टर फोटो आणि हात आलटून पालटून बघत राहिले. नंतर त्यांनी आत्याबाईंना वाकून नमस्कार केला. आत्याबाई इतक्या लाजल्या की पदर सावरत सरळ बाहेर पडल्या.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कदी हाय?"

"संध्याकाळी."

त्या थोडं चालल्या, मग म्हणाल्या, "मी कदी शिनिमा बगितला न्हाई. तू बगितलाय?"

मी माहेरी असताना एकदा पाहिला होता. आम्ही शेंगदाणे घेतले आणि दुपारच्या खेळाला जाऊन बसलो. अंधार झाला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. नायिकेला नदीत वाहून जाताना पाहून त्या पुढच्या बाकाची पाठ धरून उभ्या राहिल्या, मागचे लोक ओरडायला लागले तेव्हा बसल्या. मध्यंतरात म्हणाल्या, "तिला पवता येत न्हाई तर ती तिकडं गेलीच कशाला?"

गावात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हे बैलगाडी घेऊन फाट्यावर उभे होते. "एवढा उशीर?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई गाडीत चढल्या, माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाल्या, "दवाखान्यात लई गर्दी हुती."

मी पदर तोंडाला लावला आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.