नकलेची आठवी नक्कल

माझ्या मावशीचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. तिथे काउंटरच्या वर एक पाटी लटकते : ‘नकली किल्लीवरून किल्ली काढून मिळणार नाही. अस्सल आणावी.’ पाटी काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने रंगवली आहे. त्यामागे शास्त्र आहे. प्रत्येक नकलेत खाच केसभर सरकते. चौथ्या पिढीची किल्ली कुलपात शिरते खरी, पण आगंतुक पाहुण्यासारखी नुसती बसून राहते.

आणि बरोबर या पाटीखाली बसून मावशी गेली सहा वर्षं नकलांच्या नकला काढते आहे. आवाजांच्या.

वय बावन्न. वाद्य एकही येत नाही. गळ्याचं म्हणाल तर शाळेत समूहगीताला बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितले होते. तो अपमान तिने पस्तीस वर्षं मुरवत ठेवला आणि दुकानात जुना लॅपटॉप आल्यावर बरणी उघडली. संगीताचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याबरोबर ढोलापासून बासरीपर्यंत हजारो तयार आवाज फुकट आले. पहिल्याच दिवशी तिने ते सगळे पुसून टाकले. म्हणाली, “दुसऱ्याच्या घरच्या किल्ल्या मी खिशात ठेवत नाही.”

दुपारी गिऱ्हाईक पांगलं की तिचं काम सुरू होतं. किल्ली कापायच्या यंत्राची किंचाळी फोनवर रेकॉर्ड करायची. सॉफ्टवेअरमध्ये ती इतकी संथ करायची की एखादी म्हैस लांबून हंबरतेय असं वाटावं. त्या हंबरण्याला घुमारा द्यायचा आणि जे वाजेल तेच पुन्हा नवा आवाज म्हणून रेकॉर्ड करायचं. मग ते कापायचं, उलटं वाजवायचं, परत रेकॉर्ड करायचं. याला रिसॅम्पलिंग म्हणतात. जाणती माणसं मूळ आवाज जपून ठेवतात. मावशी प्रत्येक फेरीनंतर आधीचा पुसते. मागे जायची सोय ठेवली की माणूस मागेच जातो, असं तिचं म्हणणं.

काकांना हा पाटीचा अपमान वाटायचा. ते मागच्या बाकावर कुलपं दुरुस्त करत बसतात आणि तिथून रोज एकदा तरी म्हणतात, “बंद कर ते.” एकदा मावशी यंत्राचा आवाज घेत असताना हेही आत आलं. तिने काढलं नाही. आठ फेऱ्यांनी यंत्राची सनई झाली, काकांचं वाक्यही त्यातच विरघळलं. तरी कोणीतरी पुरुषमाणूस वैतागलाय एवढं नीट कळायचं.

एका नाटकाचा दिग्दर्शक तालमीच्या हॉलची किल्ली करायला आला आणि हे ऐकून किल्ली घ्यायचीच विसरला. एका प्रसंगासाठी सात मिनिटांचं संगीत मागितलं. हस्तपत्रकावर नाव छापतो म्हणाला. ओठ हलवणाऱ्या मुलीचं नाव, संगीत या शब्दापुढे. मावशीने ही बातमी कुलपांच्या ठोक व्यापाऱ्यालाही सांगितली.

तीन आठवड्यांनी दिग्दर्शकाने सगळं ऐकलं आणि तो दुकानात आला. सगळं उत्तम, फक्त मध्येच एक माणूस बोलतो, तेवढा काढा. मावशी म्हणाली, निघत नाही, सगळं एकजीव झालंय. मग मूळ आवाज द्या, आमचा माणूस काढेल. मूळ पुसलेत. तो हसला. एवढी साधी काळजी घेऊ नये म्हणजे कमाल झाली, म्हणाला. शेवटी त्याने गुरुवारपर्यंत मुदत दिली : तयार आवाज घेऊन नवीन करा, नाहीतर नाव विसरा.

मावशीने नुकतीच कापलेली किल्ली त्याच्यासमोर ठेवली आणि शेजारी बोटभर पितळेचा भुगा.

“हा भुगा परत हिला चिकटवून द्या. मग मी तो बोलणारा माणूस काढते. आणि निघत असता ना, तरी काढला नसता.”

मागच्या बाकावरची कानस थांबली. बोलणारा माणूस कोण, असं काकांनी विचारलं. काउंटरच्या कोपऱ्यातून मी म्हटलं, तुम्हीच. त्यांनी आजवर ते संगीत बंद करायला सांगण्यापुरतंच ऐकलं होतं. आता हेडफोन मागून घेतला आणि सातही मिनिटं उभ्याने ऐकली. मग दिग्दर्शकाकडे वळले.

“तीस वर्षं मी या घरात ‘बंद कर’ म्हणतोय. एकदाही कुणी ऐकलं नाही. इथे निदान वाजतंय तरी. नाही निघणार.”

दिग्दर्शक मागे विसरलेली किल्ली घेऊन गेला. गुरुवार आला तसा गेला. मावशीने लॅपटॉपला हातही लावला नाही.

नाटकाची तिकिटं मात्र तिने पैसे देऊन काढली. आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत बसलो. हस्तपत्रकावर संगीताच्या पुढे तयार आवाजांच्या कुठल्यातरी संग्रहाचं नाव होतं. मावशीने त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि कागद पर्समध्ये ठेवला. त्या प्रसंगाला व्हायोलिनं भरून आली. काका चार रांगांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, “हे कुणाच्या घरचं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीने फोन काउंटरवर ठेवला आणि ते हस्तपत्रक वरपासून खालपर्यंत सावकाश फाडलं. फाडण्याचा आवाज आत गेला. दिग्दर्शक आला त्या दिवशीही फोनवर रेकॉर्डिंग चालूच होतं, तेव्हा ‘नाही निघणार’ तिच्याकडे होतंच. दोन्ही एकत्र करून तिने फिरवायला घेतले.

मागून काकांनी विचारलं, “किती फेऱ्या झाल्या?”

“पाच.”

ते पाटीखाली येऊन उभे राहिले. कान लावून ऐकलं.

“भुगा अजून पडायचाय,” म्हणाले. “आणखी तीनदा फिरव.”