कासवीण व्याली

"मेंढी आहे का ती?"

सरांनी विचारलं आणि खोलीतले तिघंही हसले. कोकणच्या किनाऱ्यावर कासवं राखायच्या कामाला आमच्या कॉलेजातून एक जण पाठवायचा होता, त्याची मुलाखत चालू होती. मी म्हणाले होते, "कासवीण वाळूत व्याली की परत समुद्रात जाते." अंडी घालते म्हणायचं होतं. पुस्तक तोंडपाठ होतं. पण सोयगावकडं मेंढरांमागं वाढलेली जीभ ऐन वेळी घसरली.

"समुद्र पाहिलाय का कधी?"

नव्हता पाहिला.

सरांनी अर्जावरचं आडनाव पुन्हा वाचलं. "तुमच्या लोकांनी मेंढ्यांतच काहीतरी करावं. उगीच खाऱ्या पाण्यात कशाला?" पुन्हा हशा. आणि मीही हसले. आजही ते आठवलं की अंगाची आग होते. त्यांच्यासोबत मीही हसले.

सर मला सोडायला दारापर्यंत आले. बाहेर आबा उभे, माझे वडील. खांद्यावर घोंगडी, हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"गावाकडचा माणूस आहे," मी म्हणाले.

आबांनी भाकरी माझ्या हातात दिली अन् निघून गेले. पुंडलिकनगरला मी राहायचे, त्या खोलीवर दोन दिवस मी ते फडकं उघडलं नाही. लाज वाटत होती. सरांची नाही, माझी.

निवड झाली नाहीच. मग मी त्या किनाऱ्यावरच्या गावाला परस्पर पत्र लिहिलं. तिथल्या काम बघणाऱ्या बाईंनी एकच विचारलं, "अवघडलेल्या जनावराजवळ कसं जायचं?" मी सांगितलं, पुढून जायचं नाही. उजेड नाही, आवाज नाही. तिचं तिला होऊ द्यायचं. हे मला आबांनी शिकवलेलं. काम मिळालं. तीन हंगाम केले.

यंदा त्याच कॉलेजानं बोलायला बोलावलं. सर कानाशी येऊन म्हणाले, "ते मेंढ्यांचं काढू नकोस हं."

"तेच काढणार आहे," मी म्हणाले.

आबांना सोबत आणलं होतं. मी पहिली रांग दाखवली, तसे ते थबकले. हळूच म्हणाले, "गावाकडचा माणूस पुढं बसला तं चालंल का, बाई?"

तीन वर्षं त्यांनी तो शब्द मनात ठेवला होता. मला तोंड वर करवेना. हात धरून त्यांना बसवलं आणि माईक घेतला.

"हे माझे वडील. मेंढपाळ. ह्याच कॉलेजात मी ह्यांना ओळख दिली नव्हती."

मग पडद्यावर पहिला फोटो लावला. "ही कासवीण. गेल्या हंगामात आमच्या किनाऱ्यावर व्याली."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ह्या वेळी मी हसले नाही. इथून पुढंही हसणार नाही.