नाला नितळ ठेवल्याबद्दल

अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात लोकांनी चांगलं वागावं म्हणून राजरोस लाच देणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या ताईचे सासरे. वाकडं काम सरळ करून घ्यायला पैसे चारणारे पुष्कळ आहेत. हे गृहस्थ सरळ काम सरळच राहावं म्हणून चारतात. दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं नाही की त्याला चहाबरोबर चिवडा. नातवानं गळता नळ आपणहून बंद केला की तिळाचा लाडू. एकदा तर भर चौकात सिग्नलला गुमान थांबलेल्या एका अनोळखी स्कूटरवाल्याच्या हातात त्यांनी पेरू ठेवला. तो बिचारा इतका घाबरला, की सिग्नल तोडून पळाला. "दंडानं माणूस लपते माय, बक्षिसानं समोर येते," असं ते म्हणतात. ताई त्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही म्हणते.

हे तत्त्वज्ञान त्यांना जंगलात सापडलं. वनखात्यात ते डेप्युटी रेंजर होते. झाडतोड सुरू असली की नाल्याच्या दोन्ही काठांची झाडं सोडायची, ओंडके उतारावरून सरळ खाली ओढायचे नाहीत, ओढायच्या वाटेवर फांद्यांचे आडवे बांध घालायचे, म्हणजे माती पाण्यात जात नाही, हे सगळं कागदावर होतंच. पण सरळ वाट जवळची, आणि माणसाला जवळचं तेच दिसतं. नाला लाल व्हायचा आणि खालच्या गावातल्या बाया गढूळ हंडे घेऊन मामाजींसमोर उभ्या राहायच्या. ओरडून, दंड करून झालं. मग एका वर्षी त्यांनी मजुरांना सांगून टाकलं, "काम सरेपर्यंत नाला नितळ राह्यला, त तुम्हाले माह्याकडून बोकड." त्यानंतर जे झालं ते मामाजी अजून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून सांगतात. मजुरांनी नाल्यातली आंघोळ बंद केली, म्हशी हाकलल्या, आणि पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांची जीप नाल्यात उतरू लागली तशी पंधरावीस माणसं आडवी उभी राहिली. "साहेब, पैदल चला. आमचं बोकड जाते!" साहेब बूट हातात घेऊन दगडांवरून पलीकडे गेले. बोकड शिजलं तेव्हा त्यांनाही वाटा मिळाला.

निवृत्तीनंतर मामाजींची ही खोड घरापुरती उरली होती. मग दोन वर्षांपूर्वी कटंगीकडच्या त्यांच्या गावातला साग तोडायला आला. उतारावरचं ते रान त्यांनी तरुणपणी स्वतः लावलेलं. खाली नाला, आणि नाला जातो गावच्या बोडीत. बोडी म्हणजे लहानसं तळं. तिच्या पाळीखालच्या विहिरीवर निम्मं गाव पाणी भरतं. परवानग्या झाल्या, आणि वारासिवनीचा एक ठेकेदार आला. गडी पोटानं मोठा आणि घाईनं त्याहून मोठा.

"मामाजी, टेन्शन नका घेऊ. ट्रॅक्टर सीधा नाल्यातून काढतो, आठवड्यात मैदान साफ."

"नाल्यातून नाही," मामाजी म्हणाले. "वरच्या वाटेनं फिरवून ने. काठाले हात लावू नको. आन बोडी गढूळ नाही झाली, त तो वळणावरचा साग तुले बक्षीस."

वळणावरचा साग म्हणजे रानातला राजा, मामाजींच्या लागवडीच्याही कितीतरी आधीचा. दोन माणसांच्या कवेत न मावणारा. ताई मला हळूच म्हणाली, "म्हाताऱ्याले काय झालं?" ठेकेदारानं मात्र झाडाकडे पाहिलं आणि त्याची घाईच उतरली.

त्या दिवसापासून तो नाल्याचा पहारेकरी झाला. ट्रॅक्टर लांबून फिरू लागला. जानेवारीत मावठा आला तेव्हा मी तिथेच होते. पाऊस कोसळत होता आणि हा माणूस डोक्यावर पोतं घेऊन धापा टाकत ओंडक्यांच्या वाटेवर फांद्या अंथरत होता. "अबे, जल्दी आडवं टाक! माती चालली ना खाली!" मजुरांवर ओरडता ओरडता तो स्वतःच दोनदा घसरला. मामाजी पडवीत शेंगा सोलत, कौतुकानं बघत बसले होते.

बोडी नितळ राहिली. काम संपलं त्या संध्याकाळी मामाजी त्याला घेऊन वळणावर गेले. मीही मागून गेले. "हे घे, तुहं झाड," ते म्हणाले.

ठेकेदार झाडाभोवती फिरला, काठावर वाकला, मग उठून हात झटकत म्हणाला, "राहू द्या मामाजी."

"राहू द्या म्हणजे?"

"मुळ्या पाहा ना याच्या. हा काठ यानंच धरून ठेवला. हा तोडला, त पुढच्या साली हे वळणच बोडीत येईन."

"मंग दुसरं झाड घे!"

"नको. झालं ना काम."

मामाजींना चिडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "काहून नको? शब्द देला मी तुले!" कोंबडी देऊ केली, गूळ देऊ केला, नवी घोंगडी देऊ केली. ठेकेदार हसत नाही नाही म्हणत ट्रॅक्टरवर चढला. कुणी बघत नसतानाही रिकामा ट्रॅक्टर त्यानं वरच्याच वाटेनं फिरवून नेला. म्हणजे, आम्ही बघतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

मामाजी बोडीच्या पाळीवर बसले. म्हणाले, "बक्षीस कबूल नसतं केलं, त हा असाच वागला असता काय?"

"काय माहीत, मामाजी."

"मलेही माहीत नाही." ते पाण्याकडे बघत राहिले. "अख्खी नोकरी अशीच सरली माय. काही न देता कोण कसा वागते, हे कधी थांबून पाह्यलंच नाही मी."

ताईनं घरातून हाक मारली. मी उठले आणि त्यांना हात दिला. त्यांनी तो धरला, पण उठले नाहीत.

"बस ना थोडं," म्हणाले.