चावडीच्या जाळाची साक्ष

चलेजावचं वारं निपाणीकडच्या खेड्यांत शिरलं तेव्हा मी तिथल्या एका गावी तलाठी होतो. बायकोपोरं बेळगावात, माझा मुक्काम चावडीच्या मागच्या खोलीत. त्या संध्याकाळी हिवतापानं फणफणून, घोंगडं पांघरून पडलो होतो. गावातली पोरं आली ती चावडीतलं सरकारी दप्तर जाळायला. मी आत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. कण्हणं ऐकून त्यांतला एक आत आला, घोंगड्यासकट मला पाठीवर घेतलं आणि मारुतीच्या पारावर नेऊन ठेवलं. परत जाऊन माझ्या वहाणाही आणल्या. मग चावडी पेटली.

तो कोण हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याची आई मला रोज दूध घालायची.

पोलिसांनी त्याला संशयावरून धरलं आणि चिकोडीच्या कोर्टातून मला समन्स आलं. सरकारी नोकरानं ते आधी वरिष्ठांना दाखवायचं. आमचे मामलेदार रावसाहेब ते न वाचताच म्हणाले, "पगार सरकारचा खाता ना? मग त्याचं नाव घेऊन या. नाहीतर तिकडूनच घरी जा."

असा राग आला! पण राग येऊन करतो काय? नाव घ्यावं तर पोरगा हिंडलग्याच्या तुरुंगात, न घ्यावं तर माझी चूल बंद. बरं, त्याच्या बाजूनं चांगला शब्द टाकावा, तर तोही त्याच्याच गळ्यात. त्यानं मला वाचवलं म्हणजे तो तिथं होता! इकडे आड, तिकडे विहीर. त्याची आई मात्र नेमानं दूध घालून जाई, चकार शब्द काढत नसे. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साक्षीच्या दिवशी पुन्हा ताप भरला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कठडा धरून कसाबसा उभा राहिलो. सरकारी वकिलानं उलटंसुलटं विचारलं.

"तोंडावर घोंगडं होतं. कोण ते दिसलं नाही," मी म्हणालो. नोकरीवर पाणी सोडलं एकदाचं.

खाली उतरताना पाय लटपटले. तोच आरोपीच्या पिंजऱ्यातून कळवळून आवाज आला, "अण्णा, ताप अजून उतरला न्हाय व्हय? त्या दिशी माझ्या पाठीला नुसतं चटकं बसत हुतं!"

त्याच्या वकिलानं कपाळावर हात मारला. पोरगं आपलं सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं. आपण काय बोलून बसलो हे त्याला उमगलंच नव्हतं. मॅजिस्ट्रेटनी मान खाली घालून त्याचे शब्द लिहायला घेतले, आणि मला परत पिंजऱ्यात बोलावलं.

संध्याकाळी बाहेर आलो तर त्याची आई झाडाखाली बसून होती.

"सांगितलंसा न्हवं अण्णा, दिसलं न्हाय म्हणून?"

"सांगितलं."

"मग सुटंल की माझं पोरगं." तिनं दुधाचा तांब्या पुढे केला. "घ्या. तापाचं आलायसा."

आत पोरगं आपल्याच तोंडानं अडकलं, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला.